वाचक विचारतात : तुटलेल्या टेंडन-लिगामेंटला धाग्यांचा आधार

मागच्या अंकात गुडघ्याच्या शस्त्रक्रियांवरचा लेख होता. त्यात ‘तंतूंच्या स्कॅफोल्ड’चा उल्लेख जेमतेम दोन ओळींचा, पण सर्वाधिक पत्रं त्याच दोन ओळींवर आली. म्हणून हे पूर्ण सदर त्या विषयाला दिलं आहे. नव्या वाचकांसाठी थोडक्यात: स्नायूला हाडाशी जोडतो तो टेंडन, हाडाला हाडाशी जोडतं ते लिगामेंट. यांपैकी काही तुटलं की त्या जागी बारीक तंतूंचा एक सांगाडा बसवायचा आणि त्याच्या आधाराने शरीराच्या पेशींनी नवं ऊतक घडवायचं, ही स्कॅफोल्डची कल्पना आहे.

प्रश्न : माझ्या मुलीच्या गुडघ्यातलं एसीएल (सांध्याच्या मधोमध असलेलं पुढचं लिगामेंट) तुटलं आणि त्याच अपघातात एमसीएलही (गुडघ्याच्या आतल्या कडेचं लिगामेंट) फाटलं. एमसीएल नुसत्या ब्रेसवर भरून आलं. एसीएलला मात्र शस्त्रक्रिया सांगितली. एकाच गुडघ्यात असा फरक का?

जखम भरायला सुरुवात होते ती रक्ताच्या गुठळीपासून. गुठळीतल्या फायब्रिनच्या जाळ्यात पेशी शिरतात आणि तिथे कोलॅजेन (टेंडन-लिगामेंटला बळ देणारं तंतुमय प्रथिन) घालू लागतात. एमसीएल सांध्याच्या पोकळीबाहेर आहे. त्याच्या आजूबाजूला रक्तपुरवठा असलेलं ऊतक आहे, त्यामुळे गुठळी जागेवर टिकते. एसीएल सांध्याच्या आत आहे. तिथल्या द्रवात प्लाझमिन नावाचं विकर असतं, ते फायब्रिन विरघळवून टाकतं. मग दोन टोकांमध्ये पूल बांधायला काही उरतच नाही. टोकं मागे सरतात, त्यांच्यावर पातळ अस्तर चढतं आणि भरून येण्याचं काम तिथेच थांबतं.

म्हणून सहसा रुग्णाच्याच मांडीमागचा (हॅमस्ट्रिंग) किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन काढून तो एसीएलच्या जागी बसवतात. हा ग्राफ्ट म्हणजे एका अर्थी निसर्गाने तयार ठेवलेला स्कॅफोल्डच. बसवल्यावर त्याच्यातल्या मूळ पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी आत शिरतात आणि जुनं कोलॅजेन हळूहळू बदलतं. या बदलाच्या मधल्या काळात ग्राफ्ट बसवला होता त्यापेक्षा कमजोर असतो. प्राण्यांवरच्या अभ्यासांत ही घसरण साधारण ६ ते १२ आठवड्यांच्या दरम्यान दिसते. नेमकी हीच वेळ असते जेव्हा सूज उतरलेली असते आणि रुग्णाला वाटतं, आता झालं बरं. ‘चालता येतंय ना, मग पळायला काय हरकत आहे?’ या प्रश्नाला डॉक्टर ठाम नकार देतात तो यासाठी.

प्रश्न : मी टेक्स्टाइल अभियांत्रिकी शिकतो. आमच्या प्रयोगशाळेतलं साधं पॉलिएस्टर सूतसुद्धा टेंडनपेक्षा मजबूत भरतं. मग मजबूत दोरी बसवून मोकळं का होत नाहीत?

हा प्रयोग होऊन गेला आहे आणि त्यात रुग्णांना बरंच सोसावं लागलं आहे. तरुण माणसाचं एसीएल ओढून तोडायला सरासरी २,१६० न्यूटन, म्हणजे सुमारे २२० किलो वजनाइतका जोर लागतो, आणि त्याचा ताठपणा प्रति मिलिमीटर साधारण २४० न्यूटन असतो. हे आकडे कृत्रिम धाग्याला अवघड नाहीत. १९७० आणि ८०च्या दशकांत कार्बन फायबर, पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन, ताणलेलं टेफ्लॉन, सगळं वापरून झालं. ताणलेल्या टेफ्लॉनच्या गोर-टेक्स लिगामेंटला अमेरिकेच्या एफडीएने १९८६ मध्ये मंजुरी दिली. १९९०च्या दशकात ते बाजारातून गेलं.

घात झाला तो पहिल्या दिवशीच्या ताकदीत नाही. एक तर झीज. माणूस दिवसाला १०,००० पावलं चालला तर एका गुडघ्याचे ५,००० फेरे होतात, वर्षाचे १८ लाखांवर. हाडात पाडलेल्या बोगद्याच्या कडेवर धागा दर फेऱ्याला घासतो, वाकतो, पिळतो. धागे एकेक करून तुटतात, त्यांची पूड सांध्यात पसरते, अस्तर सुजतं आणि गुडघ्यात पाणी भरतं. कार्बनचे काळे कण तर सांध्याच्या अस्तरात रुतून बसलेले सापडत.

दुसरं कारण तुम्हाला अभियंता म्हणून जास्त पटेल. धागा फार ताठ असला तर सगळा भार तोच उचलतो आणि आजूबाजूला वाढणाऱ्या ऊतकाच्या वाट्याला ताण येतच नाही. पेशींना ताण मिळाला नाही की त्या कोलॅजेन एका दिशेत लावत नाहीत. घालतात ते अस्ताव्यस्त, व्रणासारखं. म्हणजे कृत्रिम दोरी झिजून तुटते त्या दिवशी तिची जागा घ्यायला मागे काहीच तयार नसतं. आजही पॉलिएस्टरची लिगामेंटं काही ठिकाणी वापरली जातात, पण ती कायमची दोरी म्हणून नव्हे तर मूळ ऊतकाला जोड म्हणून वापरावीत, असं मानणारा वर्ग मोठा आहे. आम्हीही त्याच मताचे.

ताण-लांबी आलेख काढाल तेव्हा त्याची सुरुवात नीट पाहा. टेंडनमधलं कोलॅजेन विश्रांतीत बारीक नागमोडी असतं. पहिल्या सुमारे २ टक्के ताणात हे वळसे सरळ होतात, म्हणून आलेख आधी सपाट आणि मग चढा. ४ टक्क्यांपुढे सूक्ष्म तंतू तुटू लागतात, ८ ते १० टक्क्यांच्या आसपास टेंडनच जातो. सरळ समांतर सुतात तो सुरुवातीचा मऊ टप्पा नसतो. वेणी घातली किंवा पीळ दिला की तो येतो. वेणीचा कोन जितका जास्त, तितका हा टप्पा लांब आणि ताठपणा कमी. केटो लॉरेन्सिन यांच्या गटाने २००५ मध्ये शरीरात विरघळणाऱ्या पॉलिलॅक्टिक-ग्लायकोलिक धाग्यांची त्रिमितीय वेणी मांडली, ती याच कारणासाठी वाचण्यासारखी आहे. एकाच वेणीत तीन भाग: दोन टोकांना हाडात बसणारा, जास्त कोनाचा घट्ट भाग आणि मध्ये सांध्यात राहणारा, कमी कोनाचा भाग. छिद्रं सुमारे १५० ते २५० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे पेशींबरोबर रक्तवाहिन्याही आत शिरतील इतकी. निटिंग केलेल्या जाळीत छिद्रं आणखी मोठी मिळतात, पण ती ओढली की टाके घसरून लांबी वाढते. एकटी जाळी लिगामेंटच्या जागी टिकत नाही.

प्रश्न : विरघळणारे टाके तर वर्षानुवर्षं वापरात आहेत. त्याच धाग्यांचा स्कॅफोल्ड केला की प्रश्न मिटला, नाही का?

मिटत नाही, कारण प्रत्येक धाग्याला दोन तारखा असतात: ताकद कधी जाते आणि वस्तुमान कधी जातं. ताकद नेहमी आधी जाते, पुष्कळदा फार आधी. पॉलिग्लायकोलिक आम्लाचा धागा तीन-चार आठवड्यांतच जवळपास निकामी होतो. पॉलिडायॉक्सॅनोनची ताकद चार ते सहा आठवड्यांत साधारण निम्म्यावर येते. पॉलि-एल-लॅक्टिक आम्ल पूर्ण जायला दोन वर्षांहून अधिक लागतात, पॉलिकॅप्रोलॅक्टोनला (पीसीएल) दोन ते तीन वर्षं. त्वचेच्या टाक्याला तीन आठवडे पुरतात. लिगामेंटच्या नव्या ऊतकाला भार पेलण्याजोगं व्हायला महिने लागतात.

स्लॅबचं सेंट्रिंग लवकर काढलं तर स्लॅब बसतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथे अडचण अशी की सेंट्रिंग काढलंच नाही तरी स्लॅब पक्का होत नाही, कारण नव्या ऊतकाला पक्कं व्हायला भारच हवा असतो. म्हणजे धाग्याची ताकद हळूहळू कमी व्हावी आणि त्याच वेगाने भार ऊतकाकडे जावा. हा वेग माणसागणिक बदलतो. म्हणून बहुतेक रचनांत दोन प्रकारचे धागे मिसळतात: लवकर जाणारे जागा मोकळी करतात, सावकाश जाणारे भार धरून ठेवतात.

आणखी एक खोच आहे. पॉलिलॅक्टिक आणि पॉलिग्लायकोलिक आम्लं फुटली की त्यांतून आम्लच सुटतं. बारीक तंतूंतून ते लगेच बाहेर वाहून जातं. जाड, भरीव भागात (उदाहरणार्थ हाडात बसवायच्या स्क्रूत) ते आतच साठतं, आतला भाग बाहेरच्यापेक्षा वेगाने फुटतो आणि कधीकधी सगळं आम्ल एकदम बाहेर पडून सूज येते. पदार्थ तोच, जाडी वेगळी, वागणूक वेगळी. ‘हा पदार्थ किती दिवसांत विरघळतो?’ असं नुसतं विचारण्यात म्हणूनच अर्थ नाही.

प्रश्न : एम.टेक.च्या प्रकल्पासाठी मी इलेक्ट्रोस्पिनिंगने (विजेच्या उच्च दाबाने द्रावणाची धार ओढून) पीसीएलचे तंतू करते. १० टक्के द्रावण, १५ किलोव्होल्ट, २ सेंटिमीटर व्यासाचा ड्रम २,००० फेऱ्यांवर. तंतूंवर मणी येतात, तंतू एका दिशेत लागत नाहीत आणि पेशी पृष्ठभागावरच राहतात, आत जात नाहीत. कुठे चुकतंय?

तीन तक्रारी, तीन वेगळी कारणं.

आधी मणी. द्रावण पुरेसं दाट नसलं की सुईतून निघालेली धार सलग न राहता पृष्ठताणाने ठिकठिकाणी गोळा होते. सुमारे ८०,००० रेणुभाराचं पीसीएल असेल तर १२ टक्के (१०० मिलिलिटरला १२ ग्रॅम) करून पाहा, मग १४. एका वेळी एकच गोष्ट बदला. निव्वळ क्लोरोफॉर्म वापरत असाल तर क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल ३:१ घ्या. मिथेनॉलने द्रावणाची वाहकता वाढते, धार जास्त ताणली जाते आणि सुईच्या टोकाशी गोळा वाळून बसण्याचा त्रासही कमी होतो. रात्रभर ढवळा. नुसतं स्वच्छ दिसलं म्हणजे पूर्ण विरघळलं असं नाही. प्रवाह ताशी १ मिलिलिटर, सुई २१ गेज, अंतर १५ सेंटिमीटर इथून सुरुवात ठीक आहे. टोकाशी शंकू स्थिर दिसला पाहिजे. थेंब टपकत असेल तर प्रवाह जास्त आहे किंवा व्होल्टेज कमी. शंकू सुईत मागे ओढला जात असेल तर उलट. हवेतली आर्द्रता रोज नोंदवा. ‘काल चाललं, आज चालत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा तीच असते. दमट हवेत तंतूंच्या अंगावर बारीक खळगेही पडतात.

आता दिशा. फेऱ्यांचा आकडा फसवा आहे, बघायचा तो पृष्ठभागाचा वेग. तुमच्या ड्रमचा परीघ सुमारे ६.३ सेंटिमीटर. मिनिटाला २,००० फेरे म्हणजे सेकंदाला जेमतेम २.१ मीटर. एवढ्याने तंतू ओढले जात नाहीत, नुसते गुंडाळले जातात. १० सेंटिमीटर व्यासाचा ड्रम त्याच फेऱ्यांवर सेकंदाला १०.५ मीटर देतो आणि साधारण या वेगाला तंतू बऱ्यापैकी समांतर लागतात. त्याहून फार वाढवलं तर ड्रमभोवतीचा वारा तंतू उडवतो आणि काही तंतू तुटतात. थर जाड होत गेला की आधीच्या तंतूंवर साचलेला विद्युतभार नव्यांना ढकलू लागतो, म्हणून वरचे थर खालच्यांपेक्षा विस्कटलेले निघतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने वरची बाजू तपासून ‘समांतर नाही’ म्हणत असाल तर खालची बाजूही एकदा पाहा.

चादर काढताना ड्रमच्या अक्षाच्या दिशेने कापायची आणि उलगडायची. तंतू परिघाच्या दिशेने असतात, म्हणून चाचणीच्या पट्ट्याही परिघाच्या दिशेनेच लांब कापायच्या. आडव्या कापलेल्या पट्टीची ताकद कित्येक पट कमी भरते, आणि मग दोष विनाकारण द्रावणाला लागतो.

तिसरी तक्रार सगळ्यात चिवट. तंतू अर्ध्या-एक मायक्रॉनचे असले की त्यांच्यातली छिद्रं काही मायक्रॉनचीच राहतात आणि पेशी असते १०-२० मायक्रॉनची. ती आत जाणार कशी? त्यावर पीसीएल स्वभावाने पाणी झटकणारं, म्हणजे द्रव माध्यमही आत मुरत नाही. पाण्याची अडचण सोपी: चादर ७० टक्के इथेनॉलमध्ये अर्धा तास, मग ५० टक्के, ३० टक्के आणि शेवटी फॉस्फेट बफर सलाईन. मध्ये कुठेही कोरडी पडू द्यायची नाही, नाहीतर हवा परत आत बसते. छिद्रांसाठी रूढ उपाय असा की दुसऱ्या सुईने पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिइथिलीन ऑक्साइडचे तंतू त्याच ड्रमवर एकाच वेळी सोडायचे आणि नंतर धुऊन टाकायचे. जागा मोकळी होते. मात्र फार घातले तर धुतल्यावर चादर खाली बसते आणि ताठपणा घसरतो. दुसरी वाट म्हणजे तंतू जाड करणं, कारण छिद्राचा आकार तंतूच्या जाडीबरोबर वाढतो. तिसरी, आणि टेंडनसाठी आम्हाला सर्वांत पटणारी: सलग चादर न करता तंतूंचं सूत पिळायचं आणि अनेक सुतं शेजारी-शेजारी लावायची. सुतांमधल्या फटी पेशींना पुरेशा मोठ्या मिळतात आणि रचना खऱ्या टेंडनच्या जवळ जाते, कारण तिथेही तंतूंच्या जुड्या असतात आणि दोन जुड्यांमधल्या पातळ आवरणातूनच रक्तवाहिन्या जातात.

पेशी टाकण्याआधी चादर किमान ४८ तास निर्वातात ठेवा. क्लोरोफॉर्मचा अंश राहिला तर पेशी मरतात, आणि ‘पदार्थच विषारी आहे’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. काम वायुवीजन कपाटातच करा. आणि व्होल्टेज बंद केल्यावरही कलेक्टरला हात लावण्याआधी तो अर्थिंगच्या दांडीने टेकवून मोकळा करायला विसरू नका.

प्रश्न : ओढून तोडण्याच्या चाचणीत आमची वेणी दर वेळी यंत्राच्या पकडीच्या जबड्याशीच तुटते. हे निकाल धरायचे का?

नाही. ती ताकद वेणीची नाही, जबड्याची आहे. जबडा दाबतो तिथे तंतू चेपतात आणि आधी तिथेच तुटतात. वेणीसाठी गोल खुंट्यांचे जबडे घ्या. वेणी खुंटीभोवती दोन-तीन वेढे घेऊन मग पकडीत जाते आणि भार घर्षणाने हळूहळू उतरतो. पातळ चादरीच्या पट्टीला दोन्ही टोकांना बारीक सँडपेपर चिकटवा. डंबेलच्या आकाराचे नमुने कापू नका: समांतर तंतूंच्या चादरीत रुंद भागातले तंतू खांद्यापाशी कापले जातात आणि भार घेतच नाहीत. तुलनेसाठी खरा टेंडन तोडणार असाल तर तो पकडीत घसरतो, म्हणून पकडीचा भाग गोठवून धरतात.

नमुना ओला, ३७ अंश सेल्सियसच्या सलाईनमध्ये. कोरड्या चाचणीचे आकडे छापायला छान दिसतात एवढंच. आधी कमी ताणाचे दहा फेरे द्या, मग मोजा. लांबीतली वाढ यंत्राच्या दांड्याच्या हालचालीवरून धरू नका, त्यात घसरण मिसळलेली असते. नमुन्यावर दोन खुणा करून कॅमेऱ्याने मोजा. सच्छिद्र वेणीचं क्षेत्रफळ नक्की किती, यावर वाद होतोच. त्यापेक्षा भार न्यूटनमध्ये आणि ताठपणा न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये द्या, सोबत सुताचा टेक्स (१,००० मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन) नोंदवा.

तुटण्याच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची चाचणी म्हणजे हजारो फेऱ्यांनंतर वेणी किती लांबली. दोन गुडघ्यांच्या सैलपणात ३ मिलिमीटरहून जास्त फरक आढळला की डॉक्टर एसीएलबद्दल शंका घेतात. तुमची वेणी न तुटता ४ मिलिमीटर लांबली, तर रुग्णाच्या दृष्टीने ती गेलीच.

प्रश्न : रेशमाचा स्कॅफोल्ड करायचा आहे. कोष सोड्यात किती उकळायचे?

प्रयोगशाळेतलं रूढ प्रमाण: ५ ग्रॅम कापलेले कोष, २ लिटर पाणी, ४.२४ ग्रॅम सोडियम कार्बोनेट (०.०२ मोलर), ३० मिनिटं उकळी. मग शुद्ध पाण्यात तीनदा, दर वेळी २० मिनिटं धुवायचं. उद्देश सेरिसिन हा डिंक काढणं. सेरिसिन आणि आतला फायब्रोइन धागा एकत्र राहिले तर शरीर सूज आणून प्रतिक्रिया देतं. वाळवून वजन करा. साधारण पाव वजन घटलं पाहिजे, थोडं जास्तही चालेल. फारच कमी घटलं तर डिंक शिल्लक आहे. ‘असू दे अजून तासभर’ म्हणून उकळत ठेवलं तर फायब्रोइनच्या साखळ्या तुटतात आणि धागा दुबळा होतो. सूत आधी घट्ट पिळून मग उकळू नका, गाभ्यातला डिंक निघत नाही. रेशमाची जमेची बाजू म्हणजे शरीरात त्याची ताकद महिनोन्‌महिने टिकून साधारण वर्षभरात उतरते. लिगामेंटला हवा असलेला वेळ जवळपास हाच. हे सारं प्रयोगशाळेपुरतं. असं केलेलं रेशीम माणसाच्या शरीरात जात नाही.

प्रश्न : खांद्याच्या रोटेटर कफवर (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या टेंडनच्या पट्ट्यावर) लावायच्या पट्टीबद्दल (पॅच) ऐकलं. टाके घातल्यावर पुन्हा पट्टी कशाला?

टाके चांगले बसले तरी कफ पुन्हा फाटतो म्हणून. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुर्बिणीतून शिवलेल्या मोठ्या फाटींपैकी १८ पैकी १७ खांदे सोनोग्राफीत पुन्हा फाटलेले दिसले. गंमत म्हणजे त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं मात्र बरंच कमी झालं होतं. लहान फाटींत चित्र यापेक्षा पुष्कळ बरं असतं.

अडचण टेंडनच्या मधल्या भागात नाही, हाडाला तो जिथे चिकटतो तिथे आहे. निरोगी खांद्यात टेंडन थेट हाडाला लागत नाही: आधी टेंडन, मग तंतुमय कूर्चा, मग क्षार भरलेली कूर्चा, मग हाड. मऊ आणि कडक यांच्यामधला हा उतार जेमतेम मिलिमीटरभराचा, पण ताण एका जागी साठू देत नाही. शस्त्रक्रियेनंतर हा उतार परत तयार होत नाही, मध्ये व्रणाचं ऊतक येतं. म्हणून संशोधनात एका टोकाला नुसते तंतू आणि दुसऱ्या टोकाकडे वाढत्या प्रमाणात कॅल्शियम फॉस्फेट, असे पायरीपायरीचे स्कॅफोल्ड करतात. कोलंबिया विद्यापीठातल्या हेलन लू यांच्या गटाचं तीन थरांचं काम या विषयात पायाभूत मानलं जातं. आमच्या मते येत्या काळातली खरी प्रगती इथूनच येईल. मधला धागा आणखी मजबूत करून फार काही हाती लागणार नाही.

आज मिळणाऱ्या पट्ट्या सरसकट एक समजू नका. गाईगुरांच्या टेंडनपासून केलेली पातळ कोलॅजेन पट्टी भार घेत नाही, ती वरून नवा थर वाढवण्यासाठी असते. मानवी त्वचेपासून केलेली जाड पट्टी काही भार उचलते. डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून केलेली एक पट्टी एके काळी फार वापरली गेली. तिने फायदा दिसला नाही आणि काही रुग्णांत तीव्र सूज आली. डॉक्टरांना विचारायचं ते हे: पट्टी भार घेणारी की नुसतं ऊतक वाढवणारी, कशापासून केलेली, आणि माझ्या फाटीच्या आकारात तिचा अनुभव काय.

प्रश्न : माझं एसीएल महिन्यापूर्वी तुटलं. ग्राफ्टऐवजी स्कॅफोल्ड मिळू शकेल का?

ग्राफ्टची जागा पूर्णपणे घेणारा, विरघळणाऱ्या धाग्यांचा लिगामेंट आजच्या नेहमीच्या उपचारात नाही. त्याच्या सर्वांत जवळ जातं ते बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये मार्था मरे यांनी विकसित केलेलं ‘बेअर’ रोपण. त्याला एफडीएने डिसेंबर २०२० मध्ये मंजुरी दिली. ते धाग्यांचं नाही, गोजन्य कोलॅजेनचा स्पंज आहे. त्यात रुग्णाचंच रक्त मुरवतात आणि तुटलेल्या टोकांमध्ये बसवतात, म्हणजे सांध्यातल्या द्रवात विरघळून जाणारी गुठळी तिथे टिकते. भार स्पंज घेत नाही, सोबतचे टाके घेतात. स्पंज सुमारे आठ आठवड्यांत विरतो.

हे सगळ्यांना लागू नाही. नडगीच्या हाडाला चिकटलेलं लिगामेंटचं खुंट शिल्लक लागतं आणि वेळ फार गेलेली चालत नाही. पहिल्या मंजुरीत ही मुदत दुखापतीपासून ५० दिवसांची होती. १०० रुग्णांच्या तुलनेत (६५ जणांना बेअर, ३५ जणांना ग्राफ्ट) दोन वर्षांनी गुडघ्याची स्थिती दोन्हीकडे सारखी होती आणि बेअरवाल्यांच्या मांडीमागच्या स्नायूंची ताकद चांगली राहिली. पुन्हा तुटण्याचं प्रमाण मात्र बेअरमध्ये १४ टक्के आणि ग्राफ्टमध्ये ६ टक्के होतं. एवढ्या कमी रुग्णांत हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठरला नाही, पण तुम्ही तरुण असाल आणि वळणं घेत पळण्याचे खेळ खेळत असाल, तर डॉक्टरांसमोर हे दोन आकडे ठेवूनच बोला.

प्रश्न : स्कॅफोल्डवर मूलपेशी वाढवताना किती ताण द्यावा?

पेशी चिकटायला एक-दोन दिवस द्या, मग १ टक्क्यापासून सुरू करून २ ते ४ टक्के, सेकंदाला अर्धा ते एक फेरा, मध्ये भरपूर विश्रांती. ८ टक्क्यांच्या आसपास गेलात तर पेशी दाह आणि विघटनाची विकरं सोडू लागतात. लक्षात घ्या, यंत्राने स्कॅफोल्ड ४ टक्के ओढला म्हणजे पेशी ४ टक्के ताणली गेली असं नाही. तंतू एकमेकांवरून सरकतात आणि पेशीच्या वाट्याला बरंच कमी येतं. स्क्लेरॅक्सिस आणि टेनोमोड्युलिन ही टेंडनची चिन्हं तपासता, त्यासोबत हाडाची चिन्हंही (रनएक्स-२, अल्कलाइन फॉस्फेटेज) तपासा. सशांच्या टेंडनमध्ये घातलेल्या मूलपेशींनी चक्क हाड तयार केल्याची नोंद आहे.

प्रश्न : तयार पीसीएल स्कॅफोल्ड ऑटोक्लेव्ह केला (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केला), बाहेर निघाला तो प्लास्टिकचा गोळा. मग निर्जंतुक करायचा कसा?

पीसीएल ६० अंशांना वितळतं, ऑटोक्लेव्ह १२१ अंशांना चालतो. पेशींच्या प्रयोगापुरतं ७० टक्के इथेनॉल आणि त्यानंतर दोन्ही बाजूंना अतिनील प्रकाश पुरतो, पण याला खरं निर्जंतुकीकरण म्हणत नाहीत. बीजाणू जिवंत राहतात. प्राण्यात किंवा माणसात जाणाऱ्या नमुन्यासाठी कमी तापमानाचा इथिलीन ऑक्साइड वायू वापरतात. त्यानंतर वायूचा अंश निघून जाईपर्यंत नमुने हवेशीर ठेवावे लागतात, बारीक तंतूंच्या जाड चादरीला यासाठी जास्त वेळ द्या. गॅमा किरणांचा नेहमीचा २५ किलोग्रे डोस पॉलिलॅक्टिक-ग्लायकोलिक धाग्यांच्या साखळ्या तोडतो, त्यामुळे धागा ठरल्यापेक्षा लवकर विरघळतो. पद्धत कोणतीही घ्या, ताकदीची आणि विरघळण्याची चाचणी निर्जंतुक केलेल्या नमुन्यावरच करा.